अंगठ्याचे वळण

मराठीने पायावर जेवढा संसार उभा केला आहे, तेवढा शरीराच्या दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच केला असेल. पायगुण, पायपीट, पायंडा, पायमल्ली, पायबंद, पायरी, पायवाट, पायधूळ... वर्गात शब्दसिद्धी शिकवताना हे शब्द लिहू लागलो की फळा अपुरा पडतो. पायाच्या दुखण्यांना नावे देतानाही भाषेने हात आखडता घेतलेला नाही. कुरूप आहे, भोवरी आहे, भेगा आहेत, चिखल्या आहेत, लचक आहे, मुरगळणे आहे. मात्र पायाचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलू लागतो आणि त्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला, हाडाचा उंचवटा बाहेर येतो, त्या व्याधीला रोजच्या बोलण्यात नाव नाही. डॉक्टर तिला लॅटिनमध्ये 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात. हॅलक्स म्हणजे पायाचा अंगठा आणि व्हॅल्गस म्हणजे बाहेरच्या दिशेने वळलेला. इंग्रजीत तिचे नाव आहे 'बनियन'. हा शब्द मराठी घरात उच्चारला की काय होते, ते आम्ही अनुभवले आहे. 'बनियनचे ऑपरेशन' असे सांगताच घरातल्या वडीलधाऱ्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या गंजिफ्रॉकाकडे पाहिले होते.

'आम्ही' हे येथे आदरार्थी बहुवचन नाही. आम्ही दोघी आहोत. नांदेडला विद्यापीठाच्या एम. ए. मराठीच्या वर्गात एका बाकावर बसत होतो; पुढे एक लातूरला नोकरीला लागली, एक नांदेडातच राहिली. दोघींनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली आहे, दोघी मराठीच शिकवतो, दोघींच्या चपलेचे माप एक आहे आणि दोघींच्याही उजव्या पायाचा अंगठा वाकला. हा योगायोग आमच्या ध्यानात आला तो अहमदपूरला एका चर्चासत्रात. जेवणाच्या सुट्टीत दोघींनी एकाच वेळी टेबलाखाली सँडल काढून ठेवल्या आणि एकमेकींच्या पायांकडे पाहिले. त्यानंतरची चार-पाच वर्षे आमच्या फोनवरच्या गप्पांत पाठ्यक्रम, मुलांचे निकाल आणि अंगठा असे तीन विषय कायमचे झाले. हा लेखही असाच फोनवर बोलत, एकमेकींची वाक्ये खोडत लिहिला आहे.

प्रथम व्याधीविषयी. लोक म्हणतात, 'हाड वाढलंय'. आमच्याही घरी हाच शब्दप्रयोग झाला. वस्तुतः तेथे मुख्यत्वे काही वाढलेले नसते, सरकलेले असते. अंगठ्यामागे पायाच्या मधल्या भागात एक लांब हाड असते. ते आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने, ढळते. अंगठा मात्र उलट दिशेला, शेजारच्या बोटाकडे झुकतो. दोन्ही हाडे जेथे भेटतात तेथे कोन तयार होतो आणि त्या कोनाचे टोक म्हणजे तो उंचवटा. उभे राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रात हा कोन १५ अंशांहून अधिक भरला तर डॉक्टर त्याला विकृती म्हणतात. उभे राहूनच चित्र काढायचे, कारण शरीराचा भार पडल्याखेरीज पाय आपले खरे रूप दाखवीत नाही. नाव चुकले की उपचाराची कल्पनाही चुकते, हे भाषेच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. 'वाढलेले हाड' म्हटले की ते तासून टाकावे एवढेच सुचते. नुसते तासून भागत नाही. ढळलेले हाड जागेवर आणावे लागते.

हे होते कशाने? उत्तराचा अर्धा भाग आमच्या आयांच्या पायांत आहे. नांदेडच्या आमच्यातलीची आई कंधार तालुक्यातल्या खेड्यात राहते. तिला हा सगळा प्रकार समजावून सांगितला तेव्हा तिने लुगड्याचा काठ वर करून आपला पाय पुढे केला आणि म्हणाली, "माझं बी तसंच हाय की. कुठं दुखायलंय?" तिचा अंगठाही कललेला होता, उंचवटाही होता. मात्र तिचे आयुष्य काळ्या रानात अनवाणी किंवा पायापेक्षा रुंद वहाणेत गेले. त्या उंचवट्यावर घासणारे काही नव्हते. पायाची ठेवण वारशाने येते. तिचे दुखणे करण्याचे काम बहुधा पादत्राण करते. तोच पाय लेकीने पुढे निमुळत्या, टाच उंच असलेल्या सँडलमध्ये वीस वर्षे कोंबला आणि ती दिवसाला चार-चार तास फळ्यापुढे उभी राहिली.

अर्धा भाग असा जगाच्या इतिहासात आहे. १९५८ साली हाँगकाँगमध्ये दोन संशोधकांनी बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांच्या पायांची तुलना प्रसिद्ध केली. बूट घालणाऱ्यांत ही विकृती ३३ टक्के लोकांत आढळली. अनवाण्यांत अवघ्या १.९ टक्के. दुसरा पुरावा त्याहून जुना, पण उजेडात आला २०२१ साली. इंग्लंडमधील केंब्रिज परिसरातल्या मध्ययुगीन दफनभूमींतले १७७ सांगाडे अभ्यासकांनी तपासले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत ६ टक्क्यांच्या पायांत हा बाक होता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत तो २७ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात तेथे लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. पंचेचाळिशीपुढच्या ज्या माणसांचे अंगठे वाकलेले होते, त्यांच्यात पडण्याने होणारे हातांचे अस्थिभंग अधिक होते. अंगठा हा चालताना जमीन मागे रेटणारा शेवटचा आधार. तो कलला की तोल जातो. आमच्या दृष्टीने हा तपशील टक्केवारीहून बोलका आहे. सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी फॅशनपायी रस्त्यात पडले, हात मोडून घेतला आणि त्याची नोंद हाडांनी ठेवली.

नांदेडला पाय पाहायला शिकवणारी एक मोठी शाळा आहे. सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात. जोडे जोडाघरात देतात, पाय धुतात, डोके झाकतात आणि मग आत जातात. दुसऱ्याचे जोडे हातात घेऊन सांभाळणे ही तेथे सेवा मानली जाते. अंगठ्याचे दुखणे मागे लागल्यापासून आम्ही तेथे खालमानेने चालतो. श्रद्धेबरोबर त्यात कुतूहलही असते. शेतकऱ्यांचे पाय ओळखू येतात. बोटे पंख्यासारखी पसरलेली, अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांत चांगली फट. शहरी पाय पुढे निमुळते होत जातात. चप्पल काढली तरी चपलेचा आकार पायावरून उतरत नाही. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी मराठवाड्यातून जाते, तेव्हा बायांचे पाय पाहावेत. भेगा असतात, फोड असतात, पण बोटे मोकळी असतात. याचा अर्थ अनवाणीपण सुखाचे असते असा कोणी काढू नये. काट्याने, कुरुपाने, सापाने त्या पायांची जी किंमत वसूल केली आहे ती आम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक जगण्याचा पायावर वेगळा ठसा असतो, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

या दुखण्यावर घरगुती इलाज पुष्कळ सांगितले जातात. बोटांमध्ये सिलिकॉनचे तुकडे घालणे, रात्री अंगठा ओढून धरणारा पट्टा बांधणे, शेकणे, तेल लावणे. यांपैकी काहींनी ठणका कमी होतो. प्रौढ माणसाचे ढळलेले हाड मात्र त्यांनी परत जागेवर येत नाही. खरा पहिला इलाज साधा आहे. कोऱ्या कागदावर उभे राहावे, पायाभोवती पेन्सिल फिरवावी आणि आपली चप्पल त्या आकृतीवर ठेवून पाहावी. आकृती चपलेबाहेर येत असेल तर चप्पल बदलावी. आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा दोघींच्या कपाटांतल्या एकूण नऊ जोडांपैकी दोनच जोड आकृती झाकू शकले. त्यांतला एक कोल्हापुरी होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडाने तिच्यासारखी चप्पल उतरवली, तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले. श्रेय कोणाचे, यावर खूप लिहिले गेले. ती चप्पल पुढे उघडी असते आणि बोटांना चिमटीत धरीत नाही, या गुणाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

चप्पल बदलूनही वेदना थांबत नाही तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार येतो. आमच्यातली लातूरची त्या टप्प्यावर आली ती परीक्षांच्या पर्यवेक्षणात. तीन तास बाकांमधून फिरल्यावर पाय जमिनीवर टेकवेना. एका डॉक्टरांनी 'हे दिसण्यासाठीचे ऑपरेशन आहे, या वयात कशाला?' असे म्हणून परत पाठवले. पुण्यात केवळ पायाच्याच शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर भेटले. त्यांनी प्रश्न उलटा विचारला, "दुखते की नुसते वाईट दिसते? नुसते वाईट दिसत असेल तर मी हात लावणार नाही." त्या प्रश्नाने आमचा विश्वास बसला.

या शस्त्रक्रियेचा इतिहास दीर्घ आहे. एकोणिसाव्या शतकापासून शल्यचिकित्सकांनी या एका सांध्यासाठी शंभराहून अधिक पद्धती वर्णिल्या आहेत. एकाच दुखण्यावर एवढे इलाज असले की त्यातला एकही पुरता समाधानकारक नाही, असे समजावे. अंगठ्याच्या हाडातून पाचरीएवढा तुकडा काढून त्याला सरळ करण्याची अकिन यांची रीत १९२५ सालची. ती आजही वापरली जाते. या सर्व पद्धतींत पायाच्या आतल्या कडेवर काही इंचांचा छेद घ्यावा लागे. गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत दुसरी वाट रुळली. आधीच्या एका प्रकारात हाड लहानशा छेदातून कापून ते तारेने धरून ठेवीत आणि तारेचे टोक काही आठवडे त्वचेबाहेर राही. पुढे तारेची जागा त्वचेखालीच राहणाऱ्या स्क्रूंनी घेतली.

आज जे केले जाते ते थोडक्यात असे. त्वचेवर तीन ते पाच मिलिमीटरचे चार-पाच छेद घेतात. त्यातून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे, फिरणारे कोरक आत जाते; दाताचे डॉक्टर वापरतात त्याचेच हे भावंड, मात्र ते मंद गतीने आणि अधिक जोराने फिरते. हाड तापून मरू नये म्हणून त्यावर सतत सलाईनची धार धरतात. डॉक्टरला आतले हाड डोळ्यांनी दिसत नाही. तो सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत काम करतो. अंगठ्यामागच्या लांब हाडाची मान कापली जाते, त्याचे डोके दुसऱ्या बोटाच्या दिशेने सरकवले जाते आणि दोन स्क्रूंनी पक्के केले जाते. मग अंगठ्याच्या हाडाचा बाक काढून तेथे आणखी एक स्क्रू बसवतात. पायापुरती किंवा कमरेखाली भूल पुरते.

येथे एका शब्दाचा विचार केला पाहिजे. वर्तमानपत्री जाहिरातींत या पद्धतीला 'बिनटाक्याची', 'छोटीशी' शस्त्रक्रिया म्हणतात. छेद छोटा असतो हे खरे. पण आत हाड दोन ठिकाणी कापलेलेच असते. कापलेले हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्यात छेदाच्या लांबीने काही फरक पडत नाही. मऊ ऊती कमी दुखावल्या गेल्याने सुरुवातीची वेदना कमी राहते, व्रण लहान राहतो, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सपाट, ताठ तळव्याच्या विशेष बुटात टाचेवर भार देत चालता येते, हे तिचे लाभ. कोन सरळ होण्याच्या बाबतीत मात्र जुन्या मोठ्या छेदाच्या पद्धतीही चांगल्या हातांत जवळपास तेवढ्याच पोचतात. जंतुसंसर्ग, बारीक नस दुखावून येणारी बधिरता, सांध्याचा ताठरपणा, स्क्रू टोचल्याने तो काढावा लागणे, बाक पुन्हा येणे हे धोके दोन्हींकडे आहेत. पडद्यावर पाहून काम करायचे असल्यामुळे ही कला शिकायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांना 'आपण अशा किती केल्या?' असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी परिचारिकेने सांगितले, "अंगावर धातू नको. जोडवी काढा."

जोडवी शेजारच्या बोटात असतात. अंगठा त्या बोटावर रेलला होता, त्यामुळे जोडवे मांसात रुतून त्याची कडा उमटली होती. साबण लावून ते निघायला दहा मिनिटे लागली. सोबत आलेल्या सासूबाई कासावीस झाल्या. "आगं, पायाचं करायलेत तर जोडवी कामून काढायलेत?" असे त्यांनी दोनदा विचारले. सूज येईल, रक्त अडेल, हे सांगून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी जोडवी रुमालात बांधली, आपल्या कमरेला खोचली आणि रात्रभर झोपल्या नाहीत. जोडवी काढण्याचा त्यांना ठाऊक असलेला प्रसंग एकच होता.

तो प्रसंग आमच्यातल्या दुसरीवर २०२१ च्या एप्रिलमध्ये आला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला; स्मशानात जायला घरच्यांनाही परवानगी नव्हती. जोडवी मात्र काढून घ्यायला शेजारच्या दोघी बाया मुखपट्टी बांधून आल्या. तेव्हाही अंगठा वाकलेलाच होता, तेव्हाही साबण लावावा लागला. पुण्याच्या त्या खोलीत ती सोबतीला होती. सासूबाईंचा प्रश्न तिने ऐकला, काही बोलली नाही आणि रुमालाची गाठ नीट बसत नव्हती ती बांधून दिली. दोघींनी मिळून लिहायचे ठरवल्यामुळे हे येथे लिहिले आहे. एरवी त्याविषयी आम्ही आपसांतही बोललो नव्हतो.

शस्त्रक्रिया मे २०२४ मध्ये झाली. पहिले दोन आठवडे पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. चालायचे ते न्हाणीघरापुरते. सहा आठवडे तो ताठ बूट. नंतर रुंद पुढ्याचे खेळाचे बूट, साडीखाली. सूज पूर्ण उतरायला आठ महिने गेले. अंगठा आता सरळ आहे, वाकवताना थोडा ताठ वाटतो, आणि तीन तास उभे राहता येते. उन्हाळी सुट्टी आणि तिला जोडून घेतलेली परावर्तित रजा यांमुळे पगारात खंड पडला नाही. जोडवी पुन्हा घातलेली नाहीत. सुरुवातीला सूज होती. मग सवय मोडली. मग कोणी विचारेनासे झाले. हा धीर कायम नोकरी असलेल्या आणि नवरा जवळ असलेल्या बाईला परवडतो, हेही आम्हाला समजते.

नांदेडच्या अंगठ्याची कथा निराळी आहे. तो लातूरच्या अंगठ्याहून अधिक वाकलेला. शेजारचे बोट त्याच्यावर चढू लागले आहे. पण त्याची मालकीण तासिका तत्त्वावर शिकवते. एम. ए. एका वर्गात, सेट परीक्षा एका वर्षी. पुढे एकीच्या वेळी जागा निघाली, दुसरीच्या वेळी भरतीच बंद होती. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तास झाला तर मानधन, न झाला तर नाही. त्याला आजारी पडण्याची रजा नसते, कारण तो नसतो त्या दिवशी कागदोपत्रीही नसतो. सहा आठवडे ताठ बुटात याचा त्याच्या लेखी अर्थ सहा आठवडे बिनमानधनाचे, आणि पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत 'मध्येच गेल्या होत्या ना?' हा प्रश्न. वैद्यकशास्त्राने छेद काही इंचांवरून पाच मिलिमीटरवर आणला. या नोकरीतल्या माणसाला मात्र तो पाच मिलिमीटरचा छेदही मोठा पडतो.

आम्ही यावर पुष्कळ भांडलो. लातूरने पैसे देऊ केले. नांदेडने घेतले नाहीत. "आधी वाट पाहा म्हणणारे डॉक्टर बरे," असे नांदेड म्हणे. "वाट पाहण्याने बोट आणखी चढेल," असे लातूर म्हणे. दोघींचेही बरोबर होते. शेवटी हिशेब कागदावर मांडला. नेमणूक साधारण एप्रिलअखेर संपते. पुढची मिळेपर्यंत मानधन तसेही नसते. आजवर जे दोन-तीन महिने आम्ही 'कोरडे महिने' म्हणत आलो, हाड जुळायला तेवढेच लागतात. व्यवस्थेने अनवधानाने दिलेली ही एकच रजा. पैसे उसने म्हणून घ्यायचे, दरमहा परत करायचे, लिहून ठेवायचे, असे ठरले. त्याशिवाय नांदेड ऐकणार नव्हते.

तेव्हा येत्या मे महिन्यात दुसरा अंगठा सरळ व्हायचा आहे. पहिले दोन आठवडे लातूरची नांदेडला येऊन राहील. स्वयंपाक तिला फारसा येत नाही, हे दोघींना ठाऊक आहे. कंधारहून आईही येणार म्हणते, पण शस्त्रक्रिया कशासाठी हे तिला अजून पटलेले नाही. ताठ तळव्याचा तो बूट डाव्या-उजव्या कोणत्याही पायाला चालतो. लातूरच्या कपाटात तो धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. माप एकच आहे.